कर्त्याचे कपडे आधी

माणूस तोंडानं काहीही सांगो, मित्रांनो, त्याचे कपडे खरं बोलतात. कुणाची कॉलर मळते, कुणाचे गुडघे, कुणाच्या खिशात काय विसरलेलं असतं, हे मला विचारा. मी एक जुनी, दोन टबांची वॉशिंग मशीन आहे. एका टबात कपडे धुवायचे आणि तिथून उचलून दुसऱ्यात पिळायला टाकायचे, अशी माझी साधी रीत. हल्लीच्या मशिनी सगळं एकाच पोटात करतात आणि काम झालं की गाणंही म्हणतात. मला गाता येत नाही. मी घरघरते, आणि पिळताना तर अशी थरथरते की नवख्या माणसाला वाटावं, आता ही चालतच अंगणात जाणार. पण त्या घरघरीचाही एका घराला उपयोग झाला. ती हकिकत तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्रा, प्लास्टिक, तांब्याच्या तारा असं काय काय जोडून मला उभं केलं, चालवून पाहिलं आणि खोक्यात कोंबलं. धायरीच्या एका दुकानात मी बरेच दिवस काचेआड उभी होते. मग एका मुलीच्या वडिलांनी मला पसंत केलं. ती मुलगी म्हणजे संस्कृती. तिच्या लग्नात रुखवताच्या शेजारी मला मांडलं होतं. येणारी प्रत्येक बाई माझं झाकण उघडून आत डोकावत होती, कुणी माझी बटणं फिरवत होती. मला भारी मिरवल्यासारखं वाटलं. लग्न लागलं आणि नवरीच्या मागोमाग मीही टेंपोत बसून वाघोलीला सासरी आले. वाटेत संस्कृती रडली. मी काही रडले नाही, कारण माझी पाण्याची जोडणी अजून व्हायची होती.

वाघोलीत नगर रस्त्यापासून जरा आत, चहूबाजूंनी उंच इमारती उठलेल्या, आणि मधे एका तुकड्यावर अजून शेती टिकून राहिलेली, असं ते घर होतं. संस्कृतीचा नवरा इंद्रजीत तिथे जरबेरा पिकवायचा. लग्नाच्या स्टेजवर मोठी लाल-पिवळी फुलं लावलेली तुम्ही पाहिली असतील, ती बहुतेक जरबेराचीच. ही फुलं उघड्यावर नीट येत नाहीत. त्यासाठी पांढऱ्या प्लास्टिकच्या कागदानं झाकलेला मोठा मांडव उभारतात, त्याला पॉलीहाऊस म्हणतात. आत बाराही महिने दमट आणि ऊबदार. फुलांना ते आवडतं, आणि फुलं खाणाऱ्या किड्यांना त्याहून जास्त आवडतं. म्हणून इंद्रजीत दर आठवड्याला तिथे औषध मारायचा. किड्यांसाठी ते विषच, पण शेतकऱ्यांच्या घरात त्याला औषध म्हणायची रीत आहे. औषध म्हटलं की माणसाची भीती चेपते, ती अशी.

घरात तिसऱ्या होत्या इंद्रजीतच्या आई, द्वारकाबाई. सासरे वारल्यापासून घराच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. बाई कडक, पण मनानं वाईट नव्हत्या, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्यांना नावं ठेवाल. वाघोलीत पाणी टँकरचं. त्यामुळे मला दर खेपेला ताजं पाणी मिळणं शक्यच नव्हतं. एकदा साबणाचं पाणी केलं की त्याच पाण्यात सगळ्या घराचे कपडे ओळीनं धुवायचे. दोन टबांच्या मशिनीत पुष्कळ घरी असंच करतात. फक्त ओळ प्रत्येकाची निराळी असते. द्वारकाबाईंनी पहिल्याच दिवशी सुनेला आपली ओळ सांगून टाकली.

"हे बघ, घरातल्या कर्त्याचे कपडे आधी. ताज्या पाण्यात. मग माझं लुगडं, मग अंथरुणं-पांघरुणं. तुझं मागनं."

यात त्यांचा हेतू चांगलाच होता. जो उन्हातान्हात राबतो त्याला पहिलं, स्वच्छ पाणी मिळावं, एवढंच त्यांच्या मनात. त्यांच्या सासूबाईंनीही नदीवर हीच रीत पाळलेली. पण नदीचं पाणी वाहतं आणि माझं जागच्या जागी फिरतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

कर्त्याच्या कपड्यांत सगळ्यात आधी पडायची ती त्याची फवारणीची विजार आणि शर्ट. तेही लगेच नाही. 'पुढच्या आठवड्यात पुन्हा मारायचंच आहे, मळणारच आहेत' म्हणून ते दोन-दोन फवारण्या तसेच माझ्या झाकणावर वाळत पडायचे. त्यांचा वास उग्र, नाकात शिरून बसणारा. इंद्रजीत फवारताना तोंडाला रुमाल गुंडाळायचा. तेवढ्यावर तो खूश असायचा. पण मला दिसायचं ते वेगळंच. शर्टाची छाती जवळजवळ कोरडी आणि विजार मात्र मांड्यांपासून कमरेपर्यंत भिजून कडक झालेली. झाडं गुडघ्याएवढी, त्यांच्या मधून चालताना सगळा फवारा अंगावर कुठे येत असेल, तुम्हीच विचार करा. मग त्याच पाण्यात त्याचे बनियन, त्याची आतली चड्डी, त्याची रात्रीची लुंगी, चादर, आणि शेवटी संस्कृतीचे गाऊन. एकाच्या अंगावरचं सगळ्यांच्या अंगाला पोचवायची छान सोय झाली होती. मी बापडी फिरत होते.

आता त्या घरघरीकडे येते. घर तीन खोल्यांचं, भिंती पातळ आणि द्वारकाबाईंचे कान तिखट. नव्या जोडप्यानं बोलायचं कुठे? मी मागच्या पडवीत, मोरीच्या शेजारी. मी चालू झाले की हातभर अंतरावरचंही ऐकू येत नाही. पहिल्या महिन्यातच दोघांनी हे हेरलं. संस्कृती मला लावायची आणि इंद्रजीत काहीतरी शोधायचं निमित्त करून पडवीत यायचा. हडपसरला नवीन हॉटेल निघालंय, तुला पंजाबी ड्रेस घ्यायचाय, आईला कसं सांगायचं, असल्या गोष्टी ते माझ्या अंगावर रेलून बोलायचे आणि हसायचे. दोन टॉवेलांसाठीही मला लावायचे. विजेचं बिल बघून द्वारकाबाई म्हणायच्या, "सून लई स्वच्छ मिळाली बाई आपल्याला." ते दिवस फार गोड होते.

वर्षं गेली. पडवीतल्या गप्पा कमी झाल्या. घरात पाळणा हलला नव्हता, आणि आपल्याकडे पाळणा हलला नाही की सगळे सुनेच्याच तोंडाकडे बघतात. द्वारकाबाई कुठून कुठून काढे आणत. कुणी सांगितलं म्हणून सुनेला पपई बंद, कुणी सांगितलं म्हणून सोमवार सुरू. संस्कृतीनं दवाखान्यात जाऊन आपल्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. सगळं ठीक निघालं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "आता मिस्टरांना घेऊन या."

मिस्टर जायला तयार नव्हते. माझ्या घरघरीआड त्यांचं पहिलं भांडण मी ऐकलं.

"मला काय धाड भरलीये?" इंद्रजीत म्हणाला. "पन्नास किलोचं पोतं एकटा उचलतो मी."

"पोतं उचलायचा आणि मूल होण्याचा काय संबंध, अहो?"

"लोकांना कळलं म्हणजे? गावात तोंड दाखवायला जागा राहील का?"

"आणि माझं तोंड रोज सगळे बघतात, त्याचं काय?"

यावर तो मला बंद करून निघून गेला. कपडे साबणाच्या पाण्यात तसेच राहिले.

तुम्ही शाळेत शिकला असाल किंवा शिकाल, की बाळ होण्यासाठी आई आणि बाबा दोघांचाही वाटा लागतो. बाबांच्या शरीरात त्यासाठी शुक्राणू तयार होतात. डोळ्यांना न दिसणारे, इवलेसे. ते पुरेसे असावे लागतात आणि त्यांच्यात धावपळ करायची ताकद असावी लागते. ती आहे की नाही हे ना मिशांवरून कळतं, ना पोतं उचलण्यावरून. ते तपासणीतच कळतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. ताप आला तर आपण ताप मोजतोच की.

मग तो दिवस उजाडला. द्वारकाबाईंच्या भाचीचं हडपसरला डोहाळजेवण होतं. संस्कृतीनं सकाळीच निळी पैठणी काढून ठेवली होती. द्वारकाबाई पडवीत आल्या, जरा घुटमळल्या आणि म्हणाल्या, "तू ऱ्हा घरी. टँकर यायचाय. कुणीतरी पायजे."

"टँकर कालच आला ना, आई."

"मग उद्याच्याला सांगाया नको का? फोन बिन येईल त्याचा."

संस्कृतीला समजलं. मूल नसलेल्या बाईनं डोहाळजेवणाला येऊ नये असं कुणीतरी तिकडून सुचवलं होतं आणि द्वारकाबाईंना ते तोंडावर सांगवत नव्हतं. इंद्रजीत आईला गाडीवरून सोडायला गेला. संस्कृतीनं पैठणीची घडी पुन्हा कपाटात ठेवली, पडवीत आली आणि माझं बटण फिरवलं. टबात ना कपडे होते, ना पाणी. मी नुसतीच फिरू लागले.

इंद्रजीत परत आला तेव्हा ती माझ्याशेजारी पाटावर बसली होती.

"काय लावलंयस?"

"काही नाही."

त्यानं झाकण उघडून पाहिलं. "रिकामीच फिरवतेयस? मोटार जळेल ना."

"जळू दे. शेजारी ऐकू जायला नको." तिनं पदरानं डोळे पुसले तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. खरं सांगते, त्याचा चेहरा बघून मला वाटलं, हा आता खाली बसणार. तो बसलाच.

मग संस्कृती म्हणाली, "जरबेऱ्याला कळी धरत नसली तर तुम्ही काय करता?"

"माती तपासतो."

"आणि मातीचा रिपोर्ट चांगला आला तर?"

"मग पाणी बघतो. खत बघतो."

"का? परत परत मातीच तपासत का नाही बसत?"

इंद्रजीतनं माझ्या रिकाम्या टबाकडे बघितलं. मग उठला आणि त्यानं मला बंद केलं. पडवीत एकदम शांतता झाली. इतकी वर्षं ते दोघं मनातली एकही गोष्ट माझा आवाज असल्याशिवाय बोलले नव्हते. आज तो चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "उद्या जाऊ आपण. माझी तपासणी करून घेऊ."

रिपोर्ट आला तेव्हा तो दोन दिवस जेवला नाही. शुक्राणूंची संख्या कमी होती आणि त्यांची हालचाल मंद. पण डॉक्टरीणबाई शहाण्या. त्यांनी त्याला धीर दिला आणि वकिलासारखे प्रश्न विचारले. काम काय? फवारता कसं? अंगात काय घालता? फवारणीच्या दिवशी आंघोळ कधी करता? तंबाखू खाता का? कपडे कुठे ठेवता, कोण धुतं, कशात धुतं? इंद्रजीतनं संस्कृतीला हे सगळं पडवीत पुन्हा पुन्हा सांगितलं, म्हणून मलाही पाठ झालं.

"त्या म्हणाल्या, औषधानंच झालं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. कारणं पुष्कळ असतात. तंबाखूही असेल, त्या बंद मांडवातला उकाडाही असेल. कधी कधी कारण सापडतच नाही. पण काही कीटकनाशकं सारखी अंगाला लागत राहिली तर शुक्राणूंवर परिणाम होऊ शकतो, असं अभ्यासांत दिसलंय. आणि हे असं आहे की आपण बदलू शकतो, म्हणून इथून सुरुवात करू."

"आणि सुधारतं का?" संस्कृतीनं विचारलं.

"नवे तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात म्हणाल्या. म्हणजे पुढचं पीक चांगलं घेता येईल." हे बोलताना तो कितीतरी दिवसांनी हसला.

संस्कृती मात्र हसत नव्हती. ती माझ्या समोर उभी राहून माझ्याकडे बघत होती. झाकणावर ती विजार वाळत पडली होती. तिनं द्वारकाबाईंना हाक मारली आणि दोघांसमोर सगळी ओळ बोलून दाखवली: आधी फवारणीचे कपडे, त्याच पाण्यात ह्यांची चड्डी-बनियन, तुमचं लुगडं, आपल्या चादरी. "तोंडाला रुमाल बांधून उपयोग काय, आई? आपण तेच पाणी त्यांना रात्री नेसायला देतोय."

द्वारकाबाई उसळल्या. "काहीतरीच तुझं! एवढी वर्सं औषध मारतोय त्यो. फुलं मरत न्हाईत, माणसाला काय व्हतंय?" आणि मग हळूच म्हणाल्या, "आणि रिपोर्ट आमच्या पोराचाच कसा काय कमी येईल? आमच्या घरान्यात असलं न्हाई."

"आलाय, आई," इंद्रजीत म्हणाला. "माझाच कमी आलाय. हिचं सगळं चांगलं आहे. तुला काय बोलायचं असेल ते मला बोल."

मित्रांनो, मी यंत्र आहे, पण त्या वेळी मला जे वाटलं त्याला आनंदच म्हणतात. द्वारकाबाई आत गेल्या. संध्याकाळी त्या पुन्हा पडवीत आल्या. त्यांनी लाकडाच्या काठीनं ती विजार माझ्यावरून उचलली, बाहेर नेऊन टाकली आणि सुनेला म्हणाल्या, "ते डोहाळजेवन... मी तुला न्यायला पायजे व्हतं." एवढंच. पण द्वारकाबाईंच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे पुष्कळ झालं.

मग माझी पाळी आली. इतक्या वर्षांचं औषध माझ्या अंगात मुरलं असेल, तर घरात मला ठेवायचं कशाला, असा विचार झाला. नवी मशीन आली, गाणं म्हणणारी. तिलाही हळदकुंकू लागलं. मला चौघांनी उचलून पॉलीहाऊसच्या कडेच्या शेडमध्ये नेऊन ठेवलं. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटलं. ज्या घरात नवरीबरोबर आले, जिथे सगळ्यांची गुपितं पोटात ठेवली, तिथून मी खतांच्या पोत्यांशेजारी येऊन पडले. बरेच दिवस माझ्यावर धूळ साचत होती आणि एक पाल माझ्या झाकणाखाली राहायला आली होती. आता आपलं आयुष्य संपलं, असं मी धरून चालले होते.

पण एका संध्याकाळी इंद्रजीत प्लंबरला घेऊन आला. शेडमध्ये नळ आला, माझ्या सांडपाण्याला वेगळा शोषखड्डा झाला, आंघोळीला एक आडोसा झाला. तेव्हापासून माझं काम एकच. फवारणीचे कपडे, आणि फक्त फवारणीचे. इंद्रजीत आता गमबूट घालतो, हातमोजे घालतो, कमरेपासून खाली रेनकोटची पँट चढवतो आणि नाकाला चांगला मास्क लावतो. ऊन उतरल्यावर फवारतो आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कुणालाही आत सोडत नाही. किड्यांसाठी त्यानं आत पिवळे आणि निळे चिकट सापळे टांगलेत, त्यामुळे फवारण्याही कमी झाल्यात. काम झालं की कपडे थेट माझ्यात, मग आंघोळ, मग घर. तंबाखू सुटायला मात्र वेळ लागला. अधूनमधून अजून एखादी पुडी माझ्या तळाशी सापडते, पण ते मी कुणाला सांगत नाही. आता तुम्हाला सांगितलं.

घरातही ओळ बदललीय म्हणे. नव्या मशिनीत पहिल्या पाण्यात कुणाचे कपडे, यावर द्वारकाबाईंनी निकाल दिला, "सुनंचे आधी. कर्ता काय, आंघोळ करून येतोय आता, त्याचे कपडे मळतात कुठं?"

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. संख्या वाढली होती. अजून पुरेशी नव्हती, पण हालचाल चांगली सुधारली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाई नको, असंच चालू ठेवा, आशा ठेवायला जागा आहे. त्या दिवशी संस्कृती शेडच्या दारापर्यंत आली. फवारणीचा दिवस होता म्हणून उंबऱ्याबाहेरच थांबली आणि तिथूनच तिनं त्याला ती बातमी दुसऱ्यांदा सांगितली, कारण त्याला ती पुन्हा ऐकायची होती.

परवा आसपासचे फूलवाले शेडमध्ये जमले होते. त्यांत विश्वजीत होता, शेजारच्या पॉलीहाऊसचा मालक. त्याची जीभ म्हणजे पाजळलेली सुरी. मला बघून म्हणाला, "काय इंद्रजीतराव, वहिनींनी घराबाहेर काढलं का? इथं धुणी धुवायला बसवलंय!" सगळे खो खो हसले.

इंद्रजीतही हसला. मग म्हणाला, "आमच्या लग्नाला आठ वर्षं झाली. मूल नाही. लोक संस्कृतीला बोलायचे. तपासणी केली तर कमी माझ्यात निघाली. डॉक्टर म्हणाल्या औषध अंगाला लागतंय तेही कारण असू शकतं. म्हणून ही मशीन इथं आहे."

हसणं थांबलं. कुणी छताकडे बघू लागलं, कुणाला एकदम फोन आला. हळूहळू सगळे पांगले. विश्वजीत तेवढा मागे रेंगाळला. खिशातला रुमाल काढून उगाच चष्मा पुसत राहिला. शेवटी शेड रिकामी झाल्यावर माझ्या झाकणावर हात ठेवून अगदी बारीक आवाजात म्हणाला, "इंद्रा, त्या डॉक्टरीणबाईंचा नंबर दे ना. आमच्या हिला गेली चार वर्षं सगळे..." वाक्य तिथंच सोडून त्यानं फोन काढला. इंद्रजीतनं नंबर दिला. आणि वर म्हणाला, "तुझे फवारणीचे कपडेही आण इकडेच. ह्या मशिनीला काय, दोघांचे सारखेच."

तेव्हापासून मी दोन घरांचे कपडे धुते. मोटार कुरकुरते, पिळायचा टब एका बाजूला झुकलाय, पण मला निवृत्त व्हायची इच्छा नाही. इंद्रजीतच्या घरी बाळ येईल का, हे मला माहीत नाही. यावं, असं मनापासून वाटतं. आलंच तर त्याची झबली-टोपरी मी कधी धुणार नाही. ती नव्या मशिनीतच धुतली जावीत, माझ्या जवळपासही फिरकू नयेत, हीच माझी माया.

तुमच्याकडे माझं मागणं एवढंच आहे. घरात कुणी फवारणी करत असेल, शेतात, बागेत किंवा सोसायटीत झुरळं मारायला, तर त्याचे कपडे वेगळे धुवा, लगेच धुवा. औषधाच्या रिकाम्या डब्यात कधी पाणी भरू नका. घरात बाळ नसेल तर एकट्या बाईकडे बोट दाखवू नका. आणि बाबा फवारून घरी आले की धावत जाऊन त्यांना बिलगू नका. त्यांना आधी आंघोळ करू द्या. तुम्ही लांब उभे राहिलात म्हणून त्यांना राग येणार नाही. आपल्या अंगावरचं विष आपल्या लेकराला लागू नये म्हणून तेही दाराबाहेरच थांबलेले असतात.